जेजुरीच्या डोंगराचा लळा

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत हायडेलबर्गला शिकतो. परवा फोनवर सांगत होता की तिथल्या ग्रंथालयात त्याला खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांच्यावरचं एक जाडजूड जर्मन पुस्तक दिसलं. वीरच्या म्हस्कोबाच्या यात्रेला आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या जातं, पण त्याच्यावर एवढं काही लिहिण्यासारखं आहे असं आमच्या कधी मनातही आलं नाही. जर्मनीत जन्मलेल्या माणसाला आमच्या या दुष्काळी मुलखाचा इतका लळा कसा लागतो? आपल्या देशात परत गेल्यावर तो टिकतो कसा? की हे सगळं शेवटी पोटापाण्याचं संशोधनच असतं?

— एक वाचक, बारामती

उत्तर : मुलाला दिसलेलं पुस्तक डॉ. गुंथर सोन्थायमर यांचं असणार. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ही तिन्ही नावं शीर्षकात घेऊन ते १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालं. मेंढपाळांचे देव कुठून आले, त्यांचा इतिहास काय आणि ते ज्या माळरानावर राहतात त्या माळरानाशी त्यांचं नातं काय, हा त्याचा विषय. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि जर्मन न येणाऱ्या वाचकांनाही ते वाचता आलं.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो. हे पोटापाण्याचं संशोधन असतं का? असतंच. सोन्थायमर हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवत होते आणि त्याचा पगार घेत होते. पण पगारासाठी एवढी यातायात करावी लागत नाही. ते मूळचे कायद्याचे विद्यार्थी. तरुणपणी पुण्यात आले ते हिंदू कायद्याच्या अभ्यासासाठी. एकत्र हिंदू कुटुंब ही कायद्याची संस्था कशी घडत गेली, यावरचा त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये निघाला. स्मृती, त्यांच्यावरच्या टीका, न्यायालयांचे निवाडे, हे सगळं ग्रंथालयात बसून मिळतं. त्याच वाटेनं ते जन्मभर गेले असते तरी विद्वानांत त्यांची गणना झालीच असती. ते सोडून हा माणूस वीर, जेजुरी, पाली अशा यात्रा-जत्रा करत हिंडला, धनगरांमध्ये जाऊन बसला, त्यांच्या ओव्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. याला नोकरी हे कारण पुरत नाही.

आता लळ्याविषयी. बाहेरून आलेल्या माणसाचा जीव अख्ख्या राज्यात गुंतत नाही. तो एका पट्ट्यात गुंततो, आणि तो पट्टा आपल्याला वाटतो त्याहून फार लहान असतो. गंमत पाहा, तुम्ही ज्याला दुष्काळी मुलूख म्हणता तोच बाहेरून आलेल्या अनेकांनी निवडला आहे. आपण सुट्टी मिळाली की कोकणात जातो, महाबळेश्वरला जातो. कऱ्हा, नीरा आणि माण या नद्यांच्या मधल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात हौसेनं कोण जातं? तिथे आपण देवाला जातो किंवा सोयरिकीला जातो. सोन्थायमर यांचं वीर आणि जेजुरी याच पट्ट्यात. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ज्या यात्रेवर फार मन लावून लिहिलं ते शिखर शिंगणापूर याच पट्ट्यात. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाई फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. भल्या पहाटे मोटार काढली तर ही सगळी ठिकाणं एका दिवसात पालथी घालता येतील. आणि बारामतीपासून यातलं काहीच फार लांब नाही.

हाच पट्टा का? सोन्थायमर यांच्या लिखाणात याचं उत्तर आहे आणि मला ते पूर्ण पटतं. त्यांनी वन आणि क्षेत्र अशी जोडी मांडली. एकीकडे नांगरटीखालची जमीन, गाव, बाजार, देऊळ. दुसरीकडे माळ, डोंगर, झाडोरा, जनावरांमागे हिंडणारी माणसं. आपल्या धर्माचा बराच भाग या दोहोंच्या सीमेवर घडला, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथ वाचून हे कळत नाही, कारण ग्रंथ बहुतेक क्षेत्रात बसलेल्या माणसांनी लिहिले. ते कळायला सीमा डोळ्यांनी पाहावी लागते, आणि ती या कोरड्या पट्ट्यात अजून दिसते. दिवाळी झाली की फलटण-माणकडचे धनगर मेंढरं घेऊन खाली पाणी असलेल्या भागाकडे आणि कोकणाकडे निघतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर करडं-कोकरं आणि कोंबड्यांची खुराडी बांधलेली. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावतात, मेंढरं तिच्या आत बसतात, लेंडीखत रानाला मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. तुम्ही हे लहानपणापासून पाहिलं असेल आणि म्हणूनच त्यात पाहण्यासारखं काही आहे असं वाटलं नसेल. हायडेलबर्गहून आलेल्या माणसाला मात्र त्या वाघरीच्या आत आणि बाहेर धर्माच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय दिसला.

तुमच्या म्हस्कोबाचंच बघा ना. वीरची कथा तुम्हाला ठाऊक असणारच. देव मूळचा मराठवाड्यातल्या सोनारीचा. कमळाजी धनगराच्या भक्तीला भुलून तो त्याच्यामागे निघाला आणि नीराकाठी वीरला येऊन राहिला. आपण ती भाविकपणे ऐकतो आणि प्रसाद घेऊन घरी येतो. सोन्थायमर यांनी तीच कथा नकाशासारखी वाचली. देव कुठून कुठे आला हे पाहिलं तर मेंढरं कुठून कुठे गेली ते कळतं. देव नदीकाठी स्थिरावला म्हणजे त्याच्याभोवती शेती आली, गुरव आला, पाटील आला, मानकरी आले. रानातला देव गावचा झाला. तरीही माघातल्या लग्नाला धनगर येतात, कारण मूळचं नातं त्यांचं आहे.

जेजुरीचंही तसंच. खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. लोककथेत देव म्हाळसेबरोबर सारीपाटात हरतो, बारा वर्षं घराबाहेर पडतो, बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला गडी म्हणून राहतो आणि तिला लग्न करून जेजुरीला आणतो. मग दोघींचं भांडण जुंपतं. तोडगा असा निघतो की डोंगराचा वरचा भाग म्हाळसेचा आणि खालचा बाणाईचा. गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे आणि बाणाईचं देऊळ पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर लागतं, ते याच वाटणीमुळे. एकत्र कुटुंबातल्या हक्कांवर आणि वाटण्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो. गावात स्थिर झालेला समाज आणि मेंढरांमागे फिरणारा समाज यांनी एकाच डोंगरावर कसं नांदायचं, याचा करारच त्या दोन देवळांच्या जागांनी केला आहे. आपण दोन्हीकडे भंडारा उधळतो आणि पुढे जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा बाणाईपाशी थोडं थांबा.

लळा लागण्याचं दुसरं कारण माणसं. धनगरी ओव्यांची बैठक तुम्ही ऐकली असेल. रात्र चढत जाते, ढोल आणि झांजा गरम होतात, मुख्य गाणारा एका कानावर हात ठेवून सूर लावतो आणि ओळीचं शेवटचं टोक बाकीचे उचलतात. थोडं गाऊन झालं की तोच भाग साध्या बोलीत सांगितला जातो आणि मग पुन्हा गाणं. कथा देवाची असली तरी तिच्यात ओढे, खिंडी, पाणवठे आणि गावं यांची नावं येत राहतात, कारण ज्या वाटांनी गाणाऱ्याचा बाप-आजा मेंढरं घेऊन गेला त्याच वाटांनी देवही गेलेला असतो. अशी बैठक ऐकणाऱ्याला मुलूख आपोआप पाठ होतो. परक्या माणसाला हे दार कुणी तरी उघडून द्यावं लागतं. ते आपल्या लोकांनी उघडून दिलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाहेरून आलेल्या अभ्यासकाचं नाव मुखपृष्ठावर येतं, पण ओव्या सांगणारे, त्या समजावून देणारे, रात्ररात्र बसून ध्वनिफितीवरचा शब्दन्‌शब्द उतरवून घेणारे आपलेच असतात. सोन्थायमर यांनी जमवलेल्या ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन मोठ्या कथा २०१४ मध्ये इंग्रजी पुस्तकरूपानं आल्या. ते पुस्तक फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्यासह केलं आहे, आणि ही दोन्ही नावं त्यावर छापलेली आहेत. तशीच ती असायला हवीत.

तारखा जरा पाहा. सोन्थायमर १९३४ चे. १९९२ मध्ये, साठीही पूर्ण होण्याआधी, ते गेले. ओव्यांचं पुस्तक त्यानंतर बावीस वर्षांनी आलं. खंडोबावरचे त्यांचे विखुरलेले निबंध त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एकत्र करून १९९७ मध्ये छापले. एका माणसाचा लळा दुसऱ्यांनी पुढे चालवला, असं हे आहे.

आता तुमचा मधला प्रश्न : परत गेल्यावर हे टिकतं कसं? याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे. जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी. अनेक वर्षं त्यांनी मुंबई इलाख्यात मिशनचं काम केलं आणि मग मायदेशी परतून न्यू जर्सीतल्या समिट नावाच्या गावी ते राहिले. मिशनरी इथे कशासाठी येत हे सांगायला नको. अ‍ॅबटही धर्मप्रसारासाठीच आले होते आणि हे झाकून ठेवण्याचं कारण नाही. पण परत गेल्यावर म्हातारपणी त्यांनी हाती काय घेतलं? महिपती. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेला भक्तिविजय, त्यांचे इतर ग्रंथ, त्यांतली संतचरित्रं. महाराष्ट्रातल्या संतकवींवरची अ‍ॅबट यांची इंग्रजी ग्रंथमाला १९२६ पासून पुण्यात छापली जाऊ लागली. त्यात भानुदास आले, एकनाथ आले. १९२९ मध्ये बहिणाबाई आल्या आणि त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांचं मूळ मराठीही त्याच पुस्तकात दिलं गेलं. १९३० मध्ये तुकाराम आले, मग रामदास.

समिटमध्ये बसलेल्या वृद्धाच्या टेबलावर रोज काय असेल ते डोळ्यांपुढे आणा. महिपतींची पोथी, मोल्सवर्थचा शब्दकोश, आणि बाहेर न्यू जर्सीतला हिवाळा. एखाद्या ओवीत चंद्रभागेचं वाळवंट आलं, एखादीत तुळशीची माळ आली, एखादीत पैठणचा गंगाघाट आला. पुढची ओवी लावायची म्हणजे रोज थोडा वेळ पंढरपुरात, पैठणात, देहूत जाऊन यावंच लागत असे. १९३२ मध्ये अ‍ॅबट वारले तेव्हा काम पुरतं संपलं नव्हतं. पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्यानं झालेला भक्तिविजयाचा अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. इथेही पाहा, जोडीला मराठी माणूस होताच.

दूर राहून एखाद्या मुलखाची ओढ जपायची तर नुसत्या आठवणींवर भागत नाही. आठवणी चार-दोन वर्षांत विरळ होतात किंवा इतक्या गोड होतात की त्यांत खरं काही उरत नाही. या माणसांचा लळा टिकला तो त्या मुलखाचं काही ना काही काम रोज हातात होतं म्हणून. काम असलं की मुलूख रोज नवे प्रश्न विचारतो. अमुक नदीचं पाणी कोणत्या देवाला जातं? अमुक गावची पालखी कोणत्या तिथीला निघते? पत्र लिहून विचारावं लागतं, उत्तराची वाट पाहावी लागते, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यावं लागतं. लंडनला मराठी शिकवणाऱ्या इयन रेसाईड यांनी श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' इंग्रजीत नेली, ते दापोलीकडचा माणूस कसा बोलतो, कसा चिडतो, कसा गप्प बसतो हे मनात मुरवल्याशिवाय जमलं नसतं. मिनेसोटात शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवर १९६९ मध्ये प्रबंध पूर्ण केला आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं, २०१६ मध्ये त्या वारल्या तोवर, चोखामेळ्यापासून दलित साहित्यापर्यंत त्या याच विषयाच्या मागावर राहिल्या. हे एवढं लांबलेलं नातं कुणी पगारापोटी ठेवत नाही.

फेल्डहाउस यांच्यावर मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण प्रदेशावर प्रेम म्हणजे काय या प्रश्नाचा विचार त्यांनी स्वतःच एका ग्रंथात केला आहे. त्या अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात प्राध्यापक होत्या. महानुभाव पंथाच्या ग्रंथांपासून त्यांनी सुरुवात केली. शं. गो. तुळपुळे यांच्यासह केलेला जुन्या मराठीचा शब्दकोश १९९९ मध्ये आला. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये त्यांनीच केला आणि ढेऱ्यांचं संशोधन मराठीबाहेरच्या जगात नेलं. नद्यांवरच्या १९९५ च्या ग्रंथात त्यांनी आपल्या बायका नदीची ओटी कशी भरतात, खण-नारळ तिला कसा वाहतात हे इतक्या बारकाईनं लिहिलं आहे की वाचताना आपली आजी आठवावी. आणि २००३ च्या ग्रंथात त्यांनी विचारलं : नकाशा न पाहिलेल्या माणसाच्या मनात प्रदेश तयार होतो कसा? इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात वारीच्या अनुभवावरून असं म्हटलं होतं की ज्याची माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र. फेल्डहाउस यांनी तो धागा उचलला आणि पंढरपूरच्या पलीकडे नेला. एकच एक महाराष्ट्र लोकांच्या मनात नसतो, यात्रांच्या वाटांनी विणलेले अनेक छोटे प्रदेश असतात, हे त्यांनी दाखवलं.

त्याचा नमुना तुमच्यापासून फार लांब नाही. चैत्रात शिंगणापूरला शंभूमहादेवाची यात्रा भरते. चैत्र शुद्ध अष्टमीला देवाचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी गड चढतात. सासवडची तेल्याभुत्याची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन निघते. सरळ रस्त्यानं न जाता ती कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाट चढते. तो घाट म्हणजे उभा कडाच. खांद्यावर लांब दांडी, तिच्या दोन टोकांना पाण्यानं भरलेले भलेमोठे हंडे, वर निशाण. खडकावर पाय रोवायला जागा नाही. वर चढलेले गडी खालच्यांना हात देतात, खालचे वरच्यांच्या टाचांना आधार देतात, माणसांची साखळी धरून कावड वीत वीत वर सरकते. मध्येच ती कलते आणि बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. चोहोबाजूंनी एकच हाक उठते, ‘म्हाद्या, धाव!’ देवाला असं अरेतुरे करून, हक्कानं, जवळजवळ दटावून बोलावलेलं दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळेल. सूर्य कललेला असतो. कावड कड्यावर टेकते तेव्हा खालच्या आणि वरच्या लोकांचा आवाज एक होतो. मग ते पाणी देवाला घातलं जातं.

आता यात प्रदेश कुठे आला ते पाहा. सासवड पुणे जिल्ह्यात, कोथळं सोलापूर जिल्ह्यात, शिंगणापूर सातारा जिल्ह्यात. सरकारी कागदावर हे तीन जिल्हे. ज्याच्या खांद्यावर कावड आहे त्याच्या मनात मात्र तो एकच मुलूख आहे, देवाच्या सासर-माहेराचा. ही गोष्ट अ‍ॅरिझोनाहून आलेल्या बाईंनी लिहून ठेवली आणि जगभरच्या विद्यापीठांत भूगोल आणि धर्म शिकणारी मुलं ती वाचतात. सोन्थायमर यांनी तर छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत पंढरीच्या वारीवर चित्रपटही केला.

काही जण परतलेच नाहीत, त्यांचा उल्लेख न करणं अन्याय होईल. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी २०२१ मध्ये वारल्या. फ्रान्समधून आलेले गी पॉइटवाँ यांनी हेमा राईरकर यांच्यासह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या आणि त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बर्नसन यांनी फलटणला शाळा उभी केली. पण तुमचा प्रश्न दूर राहणाऱ्यांविषयी होता, म्हणून त्यांच्यावर पुन्हा केव्हा तरी लिहीन.

एक गोष्ट मनात सलते, ती सांगतो. आपल्याकडे एखाद्या परदेशी माणसानं वाखाणलं की मग आपण आपल्या गोष्टीकडे वळून पाहतो. खंडोबावर रा. चिं. ढेरे यांनी मराठीत आयुष्यभर लिहिलं, सोन्थायमर यांच्याही आधीपासून. तरी 'जर्मनीत पुस्तक आहे' म्हटल्यावर जितकं कुतूहल वाटतं तितकं ढेऱ्यांचं पुस्तक कपाटात असताना वाटत नाही. यात तुमचा दोष काढत नाही, आपल्या सगळ्यांचंच हे आहे. सोन्थायमर आणि फेल्डहाउस यांनी स्वतः मराठी अभ्यासकांना गुरुस्थानी मानलं, त्यांच्याकडून शिकले, त्यांची पुस्तकं अनुवादित केली. त्यांचं अनुकरण करायचं असेल तर तेवढं तरी आपण करावं. ढेऱ्यांची पुस्तकं कोणत्याही चांगल्या मराठी ग्रंथालयात मिळतात. आधी ती वाचा, मग मुलाकडून जर्मन पुस्तकातली प्रकरणं समजावून घ्या. मुलाला परक्या भाषेत गावचा देव वाचायला मिळतोय, त्यानं ते तुम्हाला फोनवर वाचून दाखवावं.

आणि एक काम तुम्हीच करू शकाल, हायडेलबर्गचा कुणी करू शकणार नाही. तुमच्या भागात धनगरी ओव्या पाठ असलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्या नातवंडांपैकी फार थोडी मुलं त्या पूर्ण म्हणू शकतात, कारण मेंढरांमागे जाणं कमी झालं आणि रात्रीच्या बैठकीही कमी झाल्या. सोन्थायमर यांना अवजड यंत्रं वाहून न्यावी लागली, तुमच्या खिशात फोन आहे. दिवाळीआधी, मेंढरांचे वाडे बाहेर पडण्यापूर्वी, एखाद्या गाणाऱ्या आजोबांकडे जा. त्यांची परवानगी घ्या, त्यांना थांबवू नका, रात्र पुरली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा बसा. मध्ये येणारी गावं आणि ओढ्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं उच्चारा. ते राहून गेलं तर पुढच्या पिढीला त्याचा निम्मा उपयोग उरत नाही.